सत्तावीस किलोंचा धोंडू

भार्गवीला मी जो कागद दिला त्यावर चौदा कलमं होती. धोंडूच्या गोष्टीच्या पुस्तकाचा आकार, पानं सोळा, कागदाची जाडी, पानाचा किती भाग चित्राला आणि किती मजकुराला, रंग कुठले, कच्ची रेखाटनं कधी, पक्की चित्रं कधी. शेवटची तारीख सहा जून, कारण आठ जूनला माझा मुलगा हर्षवर्धन बदलीवर आसामात जोरहाटला जाणार होता आणि त्याच्याबरोबर माझी नात जाणार होती. चंडीगडच्या सेक्टर तीसमधल्या प्रयोगशाळेत मी एकतीस वर्षं उपकरणं बनवली. तिथे खुर्ची मागवायची तरी तिला पाय किती हवेत ते आधी लिहून द्यावं लागायचं. लोक या सवयीला हसतात. त्यांच्या घरातल्या खुर्च्या डुगडुगतात.

भार्गवी मूळची गडहिंग्लजची, इथे सेक्टर दहाच्या आर्ट कॉलेजात एम.एफ.ए. करते. मागच्या गणेशोत्सवात आमच्या मंडळाचा पडदा तिनं रंगवला होता. त्यावरचा उंदीर इतका जिवंत होता की लोक गणपतीला नमस्कार करता करता उंदराकडे बघायचे. अध्यक्षांनी त्याबद्दल बैठकीत नापसंती व्यक्त केली. मी तेव्हाच तिचा नंबर घेतला.

तिनं कागद दोनदा वाचला. मग पेन्सिल कानामागे खोचून म्हणाली, "काका, सगळं झ्याक लिहिलंय ओ तुम्ही. पण जनावर कुठलं?"

"कुठलं म्हणजे?"

"धोंडू. हा धोंडू हाय कोण?"

मी कागद परत घेऊन चौदाही कलमं चाळली. सरबताचा ट्रे घेऊन आलेली माझी बायको सुनेत्रा दारातच थबकली.

"अगं बाई, खरंच की," ती म्हणाली.

धोंडूचा जन्म तीन वर्षांपूर्वीचा. हर्षवर्धन हवाई दलात आहे. त्याची चंडीगडला बदली झाली तेव्हा त्याची मुलगी कश्मिरा चार वर्षांची होती. शाळेच्या प्रवेशाच्या रांगेत तिनं भोकाड पसरलं. तिचा बाप ड्युटीवर, आई आत कागदपत्रं दाखवतेय आणि पुढे-मागे तीस पालक माझ्याकडे बघतायत. मी घाईघाईनं म्हटलं, "एक होता धोंडू." ती गप्प झाली. अशा वेळी प्राण्याची जात ठरवायला कोण बसतं? पुढे दर शनिवारी दुपारी ती आमच्याकडे यायची आणि चार वाजता धोंडूची गोष्ट व्हायची. शेपटी दुसऱ्याच दिवशी आली. चार पाय गृहीत होते. पण तो कोण आहे, हे तीन वर्षांत मी कधी सांगितलं नाही. सांगितलं नाही, कारण मला माहीत नव्हतं. आणि माहीत नाही, हेही मला त्या दुपारपर्यंत माहीत नव्हतं.

इथली मराठी घरातली मुलं उत्तरं हिंदीत देतात, हे दुखणं सगळ्यांचंच आहे. कश्मिराही हिंदीतच बोलते. पण ती ऐकते कशी, ते बघायला हवं होतं. डोळे माझ्यावर, जिथे 'हं' म्हणायचं तिथे 'हं', जिथे मान डोलवायची तिथे मान. मंडळात मी सगळ्यांना सांगत असे, "आमची पोर बोलत नाही एवढंच, समजतं सगळं." चारचौघांत हे म्हणताना माझी कॉलर जरा ताठ व्हायची, हे कबूल करायला हरकत नाही. निवृत्तीनंतर माझ्याकडे दुसरं दाखवण्यासारखं फारसं नव्हतं.

"धोंडूबद्दल जे जे माहिती आहे ते सांगा," भार्गवीनं वही काढली. मला ही पद्धत आवडली.

मी सांगत गेलो. धोंडू सेक्टर तेरामध्ये राहतो. तेरा अशासाठी, की शहर आखणाऱ्यांनी तो सेक्टर ठेवलाच नव्हता, त्यामुळे तिथे कोण राहतं यावर कोणी हरकत घेणार नाही. (प्रशासनानं आता तो आकडा मनीमाजरा नावाच्या जुन्या वस्तीला देऊन टाकलाय. आम्ही ते मनावर घेतलं नाही.) तो पावसाच्या पाइपमध्ये लपतो. पेरूच्या झाडावर चढतो. उभ्यानं झोपतो. कुकरच्या शिट्टीला घाबरतो. एकदा त्यानं पोस्टमनला सायकलसकट पाठीवर घेऊन सेक्टर सतराच्या पोस्टात पोचवलं होतं. एकदा तो अंड्यावर बसला होता.

"अंडं त्याचंच?"

"नाही. ते बदकाचं होतं. बदक सुखना लेकवर फिरायला गेलं होतं."

तिनं डाव्या बाजूला 'पाइपमध्ये मावतो' लिहिलं आणि उजव्या बाजूला 'पोस्टमन प्लस सायकल'. दोन्हींकडे आळीपाळीनं बघत राहिली.

"असं जनावर नाही ओ काका."

"तसा निष्कर्ष काढायची घाई नको," मी म्हटलं. पण माझ्या हाताखालच्या एखाद्या पोरानं असले आकडे आणून दिले असते तर मी त्याला दाराबाहेर उभं केलं असतं.

"सोप्पं हाय की. नातीला विचारा."

"नाही."

"का?"

"पुस्तक ही तिच्यासाठी अचानक भेट आहे."

हे खरं होतं, पण सगळं खरं नव्हतं. खरं असं की ती दोन महिन्यांत जाणार होती, जोरहाट म्हणजे काही पुढचा चौक नव्हे, आणि सात वर्षांच्या मुलीला आजोबा किती दिवस आठवतात याबद्दल माझ्या मनात फारशा आशा नव्हत्या. मला तिच्याबरोबर काहीतरी पाठवायचं होतं. आणि त्याच वेळी तिला जाऊन विचारायचं, की बाई गं, मी तीन वर्षं ज्याच्या गोष्टी सांगतोय तो कोण आहे? म्हणजे दर शनिवारी आजोबा तोंडाला येईल ते बोलत होते, हे उघड करायचं. मला भीती वाटत होती. अडुसष्टाव्या वर्षी एका सात वर्षांच्या मुलीसमोर उघडं पडण्याची भीती.

भार्गवी माझ्याकडे बघून सरबत प्यायली. "बारक्या पोरांना कळतंय बरं का, मोठ्यांना माहीत नसलं की," एवढंच म्हणाली आणि वही मिटली.

मग मी तेच केलं जे एकतीस वर्षं केलं होतं. समिती नेमली.

समितीत तिघं होती आणि प्रत्येकाला स्वतंत्रपणे विचारायचं ठरलं, म्हणजे एकमेकांच्या मतांचा परिणाम नको. या तिघांनीही धोंडू पुष्कळदा ऐकला होता. हर्षवर्धनला फोन लावला. तो म्हणाला, "मुंगूस. ऑब्व्हियसली. पाइपमध्ये आणखी कोण जातं, बाबा?" सूनबाई सुरुची म्हणाली, "कुत्रा ना? मी तर शेजारच्यांना कुत्रा म्हणूनच सांगते." सुनेत्रा म्हणाली, "वासरू." मी विचारलं, वासरू झाडावर कसं चढेल? ती म्हणाली, "तुम्ही चढवलंत. मला वाटलं, तुमच्या मनात काहीतरी असेल." लग्नाला बेचाळीस वर्षं झाल्यावर माणसाबद्दल असा विश्वास तयार होतो, आणि तो काही कामाचा नसतो.

तीन सदस्य, तीन मतं. बहुमत नाही. अशा वेळी सरासरी काढतात. मुंगूस दोन किलो, कुत्रा एकोणीस किलो, वासरू साठ किलो. एकूण एक्क्याऐंशी, भागिले तीन, सत्तावीस. मी भार्गवीला फोन केला.

"सत्तावीस किलोंचा प्राणी काढता येईल का?"

पलीकडे वहीची पानं उलटल्याचा आवाज आला.

"काढता येईल की," ती म्हणाली. "बोकड बसतोय त्यात. आमच्या घरी बोकडं हायत, मला तोंडपाठ हायत ती. उभ्यानं डुलक्या घेतंय, झाडावर चढतंय, शिट्टीला भितंय. पाइपमध्ये निम्मं बसवू. पोस्टमनचं मात्र तुमचं तुम्ही बघा."

"पोस्टमन या गोष्टीत नाहीये."

"मग झालं तर."

पुस्तकासाठी निवडलेली गोष्ट साधी होती. धोंडू सेक्टर तेरामधून निघतो, आणि या गावातले सगळे चौक सारखेच दिसत असल्यामुळे त्याला घर सापडत नाही. मी इथे आलो तेव्हा पहिले सहा महिने माझंही तेच झालं होतं, पण ते गोष्टीत नाही.

कच्ची रेखाटनं मे महिन्यात आली. बोकड उत्तम होता. चौकातल्या गवतावर उभा राहून चारी रस्त्यांकडे असा बघत होता की त्याला हात धरून घरी सोडावंसं वाटावं. मी सूक्ष्म मापं घ्यायचा कॅलिपर घेऊन तपासणी केली. चौथ्या पानावर डावं शिंग अकरा पूर्णांक दोन मिलिमीटर भरलं आणि पाचव्या पानावर बारा पूर्णांक सहा. मी ते तिच्या निदर्शनाला आणून दिलं.

"वाढलं आसंल," भार्गवी म्हणाली.

"एका पानात?"

"घर सापडेना म्हटल्यावर काळजीनं वाढतंय."

मी तो मुद्दा सोडला. पण जाताना चपला घालता घालता ती थांबली आणि म्हणाली, "काका, राग मानू नका. हा धोंडू नव्हे. हा आमचा बोकड हाय. चित्रं मला आवडल्यात, मन लावून काढीन. पण धोंडू कोण ते मला अजून कळलेलं नाही, आणि तुम्हालाही नाही." मी म्हटलं, समितीचा निर्णय झालेला आहे. ती म्हणाली, "बरं." तिनं पुढच्या तीन आठवड्यांत सोळा पानं रंगवली, पक्क्या चित्रांसाठी ठरलेल्या तारखेच्या दोन दिवस आधी आणून दिली, आणि त्यांत खोट काढायला मला जागा मिळाली नाही. कॅलिपर मी पुन्हा बाहेर काढला नाही.

छापून, बांधून घेऊन सहा जूनला, शनिवारी, मी हर्षवर्धनच्या क्वार्टरवर गेलो. हवाई दलाची बदली म्हणजे घरभर काळ्या पेट्या. प्रत्येकीवर पांढऱ्या रंगात आकडा आणि 'निरगुडकर'. हर्षवर्धन हातात यादी घेऊन कुलपं मोजत होता. सुरुची स्वयंपाकघर रद्दीत गुंडाळत होती. कश्मिरा अकरा नंबरच्या पेटीवर बसून पाय हलवत होती, कारण तिचं सगळंच आत गेलं होतं.

मी पुस्तक तिच्या मांडीवर ठेवलं. तिनं मुखपृष्ठावरून हात फिरवला, आत आपलं नाव छापलेलं बघितलं, आणि एकेक पान सावकाश उलटत शेवटपर्यंत गेली. मी पेटी नंबर बारावर बसलो होतो. प्रयोगशाळेत मंत्री आले होते तेव्हासुद्धा मी इतका ताठ बसलो नव्हतो.

"बहुत सुंदर है, आजोबा," ती म्हणाली. मग पहिल्या पानावर परत आली आणि तिथे बराच वेळ थांबली.

"ये बकरा कौन है?"

"हा धोंडू."

तिनं बोकडाकडे बघितलं. माझ्याकडे बघितलं.

"ओके," ती म्हणाली.

तिचा बाप फोनवर वरिष्ठांना जसं 'ओके सर' म्हणतो, अगदी तसं. पटलेलं नाही, पण हुकूम आहे. तिनं पुस्तक मिटून नीट मांडीवर ठेवलं आणि मान डोलावली. तीन वर्षं बघत आलो होतो तीच मान, तेवढीच, तशीच. घरी परत जाता आलं असतं. पुस्तक सुंदर होतं, तिनं तसं म्हटलंही होतं, पोरीनं जोरहाटला सगळ्यांना दाखवलं असतं. पण माझ्याच्यानं उठवेना.

"कश्मिरा," मी म्हटलं, "खरं सांगू? धोंडू कोण आहे, ते मला माहीत नाही. कधीच माहीत नव्हतं. शाळेच्या रांगेत तू रडत होतीस म्हणून जे सुचलं ते नाव घेतलं. बकरा मागच्या महिन्यात ठरवला. आजीला आणि आई-बाबांना विचारून ठरवला."

मला वाटलं, ती रडेल. किंवा रागावेल. तो तिचा हक्क होता.

"आपको भी नहीं पता?" ती म्हणाली. तिचा चेहरा एकदम सैल पडला, दप्तर काढून ठेवल्यावर पोरांचा पडतो तसा.

"भी म्हणजे?"

"मुझे भी नहीं पता. मुझे लगा आपने पहले दिन बता दिया था. मराठी में. मुझे समझ नहीं आया होगा."

स्वयंपाकघरातला रद्दीचा आवाज थांबला.

"तीन वर्षं?" मी विचारलं. "मग एकदाही विचारलं का नाहीस?"

ती पुस्तकाच्या कोपऱ्याशी चाळा करत राहिली. "आप सबको बोलते हो ना," ती म्हणाली, "कश्मिरा को सब समझता है."

मला तिच्याकडे बघवेना. एकतीस वर्षं मी पोरांना शिकवत आलो, की सुई हलतेय म्हणजे माप बरोबर आहे असं समजू नका. आणि इथे दर शनिवारी समोर बसून ही मान हलवायची आणि मी खूश व्हायचो. मी तिच्यासमोर उघडा पडू नये म्हणून समिती नेमली होती. तिनं माझ्यासमोर उघडं पडू नये म्हणून काय काय केलं असेल, कुणास ठाऊक. मला लाज वाटली, आणि मी तिच्या डोक्यावर हात ठेवला.

"आणखी काय काय समजलं नाही?" मी विचारलं.

"नाराज नहीं होगे?"

"नाही."

"पक्का?"

"पक्का."

ती बोटं मोजायला लागली. एक हात संपला, दुसरा संपला, मग तिनं ते सोडून दिलं आणि पुस्तक उघडलं. पहिल्या पानावर दोनच वाक्यं आहेत. तिनं पहिल्या ओळीवर बोट ठेवलं. "ये कुंपण क्या होता है?" मी सांगितलं. "और वळण?" तेही सांगितलं. 'भांबावला' सांगायला मला उठून चारी दिशांना बघत गोल फिरावं लागलं. ती हसली. मग म्हणाली, "ओह. मैं समझती थी वो सो गया." म्हणजे तिच्या गोष्टीत धोंडू चौकात पोचून प्रत्येक वेळी झोपून जात होता, आणि मी पुढे इतका घाबऱ्या आवाजात का बोलतोय याचं तिला नवल वाटत होतं.

हर्षवर्धन यादी घेऊन आला आणि म्हणाला, "बाबा, अकरा आणि बारा उचलायच्यात." मी त्याला म्हटलं, आधी तेरापासून पुढच्या उचल. तो काहीतरी बोलणार होता, पण सुरुचीनं त्याला आत बोलावलं. कश्मिरानं पान उलटलं, बोट ठेवलं आणि पुढचा शब्द विचारला. मग त्याच्या पुढचा.

अंधार पडेपर्यंत आम्ही चौथ्या पानावर पोचलो. पानं सोळा आहेत, आणि त्यांची गाडी परवा सकाळी आहे.